चुकीचे कुळशील

चूक झाली आहे एवढे कळावयास फारशी बुद्धी लागत नाही. भिंत कलली, हिशेब जुळला नाही, की ती कोणाच्याही डोळ्यांस दिसते. परंतु ती चूक कोणत्या कुळातली, ती कशाने वाढते आणि कशाने वाढत नाही, हे विचारावयाचे बहुधा राहूनच जाते. दोष दिसला की माणसास ताबडतोब दोषी हवा असतो. आणि दोषी म्हणून पुढे ओढला जातो तो समोर दिसणारा, सर्वांत धिप्पाड किंवा सर्वांत महाग असा कोणीतरी. घरात, कचेरीत आणि राज्यकारभारातही बहुतकरून हाच न्याय चालतो. गेल्या उन्हाळ्यात एका सुताराच्या कारखान्यात आम्हांस या न्यायाचा आणि त्यावरील उताऱ्याचा जो प्रत्यय आला, तो वाचकांपुढे मांडावासा वाटतो. हकीकत एका यंत्राची आहे. पण ती केवळ यंत्राचीच आहे असे नाही.

वर्ध्याहून हिंगणघाटाकडे जाताना वाटेत लागणाऱ्या एका गावी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा हा कारखाना आहे. बापाचा पिढीजात धंदा सुतारकीचा. मुलाने पदार्थविज्ञान घेऊन पदवी मिळविली, दोन वर्षे नोकरीची वाट पाहिली, आणि अखेर बँकेचे कर्ज काढून लाकडावर नक्षी कोरणारे संगणकचलित यंत्र, ज्यास सी. एन. सी. राउटर म्हणतात ते, बापाच्या छपरीत आणून बसविले. देव्हाऱ्यांची दारे, नावाच्या पाट्या, पलंगाच्या उशाकडील फळ्या अशी कामे त्यास मिळू लागली. वर्षभर बरे चालले. पुढे एका व्यापाऱ्याने देव्हाऱ्यांच्या दारांची मोठी मागणी दिली आणि तयार झालेला माल जसाच्या तसा परत पाठविला. दाराच्या दोन्ही झडपा मिटल्या की सांध्याच्या एका बाजूस काठ रुंद दिसे, दुसऱ्या बाजूस अरुंद. गुण्या लावून पाहिले तेव्हा कळले, की कोरलेली चौकट फळीच्या कडेशी समांतर नाही; पायथ्याशी ती बरोबर असते आणि माथ्याशी पोहोचेपर्यंत दीड मिलिमीटर उजवीकडे सरकलेली असते. दीड मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाचकांस वाटेल. परंतु ज्या घरात बँकेचा हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेस भरावा लागतो, त्या घरात एवढ्या अंतरात पुष्कळच मावते.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच होती. काम संपल्यावर यंत्रास मूळ स्थानी परत जावयास सांगितले, की ते मूळ स्थानापासून दीड मिलिमीटर दूर थांबे; आणि पडद्यावर मात्र आकडा दिसे शून्य! म्हातारे सुतार आम्हांस म्हणाले, "सर, पटाशी चुकली तं हाताले समजते. हे यंत्र चुकते, अन् वरून म्हनते का मी बरोबरच हावो. आता यासंग भांडाव तं कसं?"

म्हाताऱ्याने नेमक्या मर्मावर बोट ठेवले होते. या यंत्रात ज्या स्टेपर मोटरी असतात, त्या पावलापावलाने फिरतात. एका पूर्ण फेऱ्यात दोनशे पावले. म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचे. मोटरीस वीज पुरविणारा जो ड्रायव्हर असतो, तो प्रत्येक पावलाचे आणखी आठ भाग करतो, तेव्हा एका फेऱ्यास १६०० स्पंद लागतात. मोटरीस जोडलेला स्क्रू एका फेऱ्यात कोरणीस ५ मिलिमीटर पुढे नेतो. सबब एका मिलिमीटरास ३२० स्पंद. कोरणी १०० मिलिमीटर सरकावयाची असली की संगणक ३२,००० स्पंद रवाना करतो आणि पडद्यावर १०० हा आकडा लिहून मोकळा होतो. कोरणी खरोखर तेथवर पोहोचली की नाही, हे तो वळून पाहत नाही. पाहण्याचे त्यास साधनच दिलेले नाही. आमच्या कचेऱ्यांत हुकुमाची नोंद जावक बारनिशीत झाली, की काम झाले असे समजण्याची जी थोर परंपरा आहे, तीच येथे लोखंडात उतरलेली आहे. पडद्यावरचा शून्य हा स्थळाचा आकडा नव्हेच. तो पाठविलेल्या हुकुमांची बेरीज-वजाबाकी होय.

या जातीच्या यंत्रांचा मूळ पुरुष असा नव्हता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९५२ साली आकड्यांनी चालणारे पहिले मिलिंग यंत्र लोकांस दाखविले, त्यात कागदी पट्टीवरील छिद्रांनी हुकूम देण्याची सोय होती, तशीच कोरणी कोठे आहे ते मागे कळविण्याचीही होती. हुकूम आणि वृत्तांत यांची सारखी तुलना होत असे. ते यंत्र अत्यंत खर्चिक होते. खेड्यातल्या सुताराच्या ऐपतीत यंत्र आणावयाचे तर काहीतरी गाळणे भाग होते. गाळले गेले ते मागे कळविणारे अंग. यात गैर काही नाही. मात्र यंत्राने जे पाहणे सोडून दिले, ते यंत्र चालविणाऱ्या माणसाने आपल्या अंगावर घेतले पाहिजे, हा करार त्या स्वस्ताईत गृहीत धरलेला असतो. आणि तो करार विकत घेणाऱ्यास बहुधा कोणी वाचून दाखवीत नाही.

मुलाने स्वस्थ बसून राहण्याचे केले नव्हते. सल्ला देणारेही पुष्कळ भेटले होते. एकाने सांगितले, मोटर अशक्त आहे. दुसऱ्याने सांगितले, स्क्रूचे आटे झिजले. तिसऱ्याने विजेच्या दाबावर खापर फोडले. बापास वाटले, लाकूडच ओल धरून फुगत असावे. मुलाने आडव्या आणि उभ्या चालीच्या मोटरींची अदलाबदल करून पाहिली. तरी दोष आडव्या चालीतच राहिला. कपलिंग आवळले, स्क्रू पुसून वंगण घातले. दीड मिलिमीटर जागचा हलला नाही. एका शहाण्याने तर अशी युक्ती सुचविली, की नक्षी जर उजवीकडे कलते, तर संगणकातले चित्रच तेवढे डावीकडे कलते काढावे. मुलाने ती केली. एक माप सुधारले. आणि पुढच्या, उंचीने लहान दारांवर नक्षी डावीकडे कलू लागली! औषध न कळलेल्या रोगावर दिले, की ते दुसरा रोग होऊन बसते. शेवटी आपले स्थान स्वतः कळविणाऱ्या नव्या महाग मोटरी घ्यावयाच्या आणि त्यासाठी दुसरे कर्ज काढावयाचे, असे ठरत आले. त्याच सुमारास तो आमच्याकडे आला.

आम्ही त्यास प्रथम यंत्राविषयी काहीच सांगितले नाही. त्याच्या गावावरून पुढे जाणारा रस्ता ज्या हिंगणघाटास पोहोचतो, तेथे एका माणसाची कबर आहे, तिची गोष्ट सांगितली. विल्यम लॅम्बटन हा तो माणूस. हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणीचा हा आद्य प्रवर्तक जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादेकडून नागपुराकडे जात असता हिंगणघाटास वारला. १८०२ साली मद्रासेजवळ त्याने सात मैलांहून अधिक लांबीची एक पायारेषा पोलादी साखळीने जमिनीवर प्रत्यक्ष मोजली. साखळी उन्हाने लांबते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून, शेजारी उष्णतामापके ठेवून, प्रत्येक मापास उष्णतेची दुरुस्ती लावली. मोजणीची साखळी वापरून ताणली जाते, म्हणून ती ताडून पाहावयास दुसरी साखळी बाजूस राखली. पुढे सारे काम कोनांचे: एका त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा त्रिकोण, दुसऱ्यावर तिसरा, अशी शेकडो मैलांची माळ. या रीतीत मोठा धोका हा, की पहिल्या त्रिकोणातली चूक दुसऱ्यास वारसा म्हणून मिळते आणि कागदावर तर सर्व काही बिनचूकच दिसते. यावर लॅम्बटनचा उपाय साधा होता. काही अंतर गेल्यावर तो पुन्हा जमिनीवर उतरे, साखळीने दुसरी पायारेषा प्रत्यक्ष मोजी, आणि त्रिकोणांवरून आलेल्या तिच्या लांबीशी ताडून पाही. बंगळुराजवळ १८०४ साली असे ताडून पाहता, मैलोगणती रेषेत फरक पडला तो काही इंचांचा.

याच गृहस्थाचा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट १८०८ साली सरफोजीराजांच्या तंजावरात देवळाच्या शिखरावर चढविताना दोर तुटून भिंतीवर आपटला आणि त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटनने नव्या यंत्राची वाट पाहत हातपाय गाळले नाहीत. तंबूत सुमारे सहा आठवडे बसून, वाकलेले वर्तुळ थोडे थोडे ओढून त्याने पूर्ववत केले. किती वाकले आहे आणि कोठे वाकले आहे, हे ज्यास मोजता येते, त्यासच ते सरळ करता येते.

"तेव्हा," आम्ही मुलास म्हणालो, "मोटर घेण्यापूर्वी तुझी पायारेषा मोजू. यंत्र काय म्हणते ते झाकून ठेव."

यंत्राच्या स्थळदोषाची कुळे मुख्यतः चार-पाचच आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी. पहिला प्रमाणदोष: मिलिमीटरास किती स्पंद, हा आकडाच चुकलेला असला, तर चूक अंतराच्या प्रमाणात वाढते; १०० ला जेवढी, ३०० ला तिप्पट. दुसरी ढिलाई, जीस कारागीर बॅकलॅश म्हणतात: नट आणि स्क्रू यांत फट असली, की दिशा बदलताना तेवढे अंतर फुकट जाते, परंतु जाताना गिळलेले येताना परत मिळते, साठून राहत नाही. तिसरे पावले सुटणे: मोटरीच्या ताकदीबाहेर वेग किंवा ओझे झाले म्हणजे ती घसरते, पण घसरली तरी ती वाटेल तेथे थांबत नाही, चार पूर्ण पावलांच्या पटीतच पुन्हा पकड घेते. आमच्या यंत्रात हे माप बरोबर एक दशांश मिलिमीटर येते, आणि अशी चूक झटक्याने होते, वेग कमी केला की नाहीशी होते. चौथा हवामानाचा दोष: पोलादाची एक मीटर लांबी वीस अंश उष्णता वाढता सुमारे पाव मिलिमीटर वाढते, आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात सकाळदुपारचे अंतर काही थोडके नसते. पण उष्णता सावकाश चढते आणि सावकाश उतरते. तिची नोंद घड्याळाशी जुळते.

महाविद्यालयातून डायल गेज नेले होते. त्याची सुई मिलिमीटराचा शंभरावा भाग दाखविते. प्रथम ३०० मिलिमीटर अंतर चालवून व्हर्नियरने मोजले. ते बरोबर भरले. प्रमाणदोष बाद झाला. मग यंत्र थोडे पुढे नेऊन मागे घेतले. ढिलाई निघाली तीन शतांश, आणि कितीही वेळा केले तरी तेवढीच. तीही बाद. वेग निम्मा केला, धक्का कमी केला, आणि तीच फळी पुन्हा कोरली. कल तोच दीड मिलिमीटर. म्हणजे मोटर अशक्त असल्याचा आरोप टिकला नाही. पहाटे कोरलेल्या आणि दुपारी कोरलेल्या फळ्यांत फरक नव्हता; सूर्यनारायणही निर्दोष सुटला. ज्या मोटरींसाठी कर्ज निघावयाचे होते, त्या मोटरी बिचाऱ्या प्रामाणिकपणे राबत होत्या, एवढे त्या सकाळीच सिद्ध झाले.

राहता राहिली एक गोष्ट. नक्षी कोरताना कोरणी आडव्या दिशेत एक ओळ ओढते, पाव मिलिमीटर वर सरकते, उलट दिशेने दुसरी ओळ ओढते, आणि असे शेवटपर्यंत चालते. उभ्या चालीस वळावे लागतच नाही. ती एकाच दिशेने वर जाते. आणि दोष फक्त आडव्या चालीत! तेव्हा लाकूड न लावता कोरणी नुसती १० मिलिमीटर पुढे आणि १० मिलिमीटर मागे, अशी पाचशे वेळा नेऊन आणली. शेवटी सुई शून्यावर यावयास हवी होती; ती ३.१२ मिलिमीटरांवर उभी राहिली. मग खेप १० ऐवजी ५० मिलिमीटरांची केली, तरी ३.१२. खेपा निम्म्या केल्या, १.५६. चुकीस अंतराशी कर्तव्य नव्हते, वेगाशी नव्हते, ओझ्याशी नव्हते. ती फक्त वळणे मोजीत होती.

मुलाने जवळच्या फळीवर पेन्सिलीने भागाकार मांडला. ३.१२ भागिले ५०० म्हणजे दर खेपेस ०.००६२४. एका स्पंदाचे अंतर १ भागिले ३२०, म्हणजे ०.००३१२५, त्याची दुप्पट ०.००६२५. तो क्षणभर त्या आकड्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, दोनच स्पंद जातात. एक जायला पाहिजे तिकडे जात नाही, अन् तोच उलटीकडे जातो."

हेच उत्तर होते. ड्रायव्हरकडे दोन तारा जातात: एकीने 'चल' हा स्पंद, दुसरीने 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' ही दिशा. दिशेची खबर स्पंदाच्या थोडी आधी पोहोचली पाहिजे. परंतु खबर ज्या सांध्यातून जाते, त्यात एक इवलासा दिवा आणि त्याकडे पाहणारा एक डोळा असतो. तो डोळा चटकन उघडतो पण मिटावयास किंचित अधिक वेळ घेतो. त्यामुळे एका बाजूच्या वळणास दिशा वेळेवर पोहोचे, आणि दुसऱ्या बाजूच्या वळणास पहिला स्पंद दिशेच्या पुढे धावून जुन्याच दिशेने जाई. दोन्ही वळणांस सारखाच उशीर होता, तर चुका एकमेकींस फेडून गेल्या असत्या; एकीकडेच झाल्यामुळे त्या साठत गेल्या. आता दाराचा हिशेब: १२० मिलिमीटर उंचीची नक्षी, पाव मिलिमीटरास एक ओळ, म्हणजे ४८० ओळी, ४८० ओळी म्हणजे २४० खेपा, २४० गुणिले ०.००६२५ म्हणजे नेमके १.५. गुण्याने दाखविलेला दीड मिलिमीटर कागदावरही तेवढाच उतरला. लहान दारांवर तिरप्या चित्राची युक्ती का फसली तेही उलगडले. तेथे ओळी कमी होत्या.

उपायास पैसा लागला नाही. दिशेची खबर आणि पहिला स्पंद यांमध्ये किती विसावा ठेवावा, हे संगणकातल्या आज्ञावलीत ठरविता येते. यंत्र बसविताना तो कोणी भरलाच नव्हता. तेथे शून्य होते. मुलाने सेकंदाच्या दशलक्षांशांचे वीस भाग एवढा विसावा भरला आणि पुन्हा पाचशे खेपा केल्या. सुई शून्यावर येऊन थांबली. म्हाताऱ्याने सुईवर विश्वास ठेवला नाही, हे त्यास शोभलेच. त्याने एक फळी कोरून घेतली, आपला जुना गुण्या काढला, उजेडाकडे धरून पाहिले, आणि काही न बोलता ती फळी मुलाच्या हाती दिली.

परत येताना आमच्या मनात जे घोळत होते ते शिक्षणासंबंधी होते. याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने नई तालीमची योजना आखली. हस्तव्यवसाय हा शाळेतला एक विषय नव्हे, तो सर्व विषयांचे द्वार व्हावा, ही तिची कल्पना. मुलाने टकळीवर सूत काढावयाचे, ते मोजावयाचे, तोलावयाचे, ८४० यार्डांच्या किती लडी एका पौंडात बसतात त्यावरून सुताचा अंक काढावयाचा. गणित तेथेच शिकावयाचे. त्या योजनेची पुष्कळ थट्टा झाली. परंतु आमच्या महाविद्यालयांतून प्रयोगवह्यांत 'चुकांची कारणे' या मथळ्याखाली घर्षण, हवेचा रोध आणि निरीक्षणदोष ही त्रिमूर्ती पिढ्यान्‌पिढ्या उतरविली जाते. ती उतरविणाऱ्या विद्यार्थ्यास चुकीचा आकार असतो, तो मोजता येतो, आणि मोजला की तो गुन्हेगाराचे नाव सांगतो, हे क्वचितच उमगते. त्या मुलास पदवीपरीक्षेत जे मिळाले नव्हते, ते त्या दिवशी पेन्सिलीच्या एका भागाकाराने मिळाले. कारण त्या भागाकारावर घराचे कर्ज अवलंबून होते.

यंत्र महाग असो की स्वस्त, आणि तसे पाहता संस्था असो की सरकार, जे आपण दिलेल्या हुकुमांचीच बेरीज करून त्यास आपले स्थान समजते, त्याच्या पडद्यावर सदैव शून्य दिसावयाचे. त्यास दोष देऊन काय होणार? कोणीतरी बाहेरून साखळी घेऊन जमिनीवर उतरले पाहिजे. आमच्या विद्यार्थ्याने आता दर सोमवारी सकाळी काम सुरू करण्यापूर्वी यंत्राच्या पाचशे खेपा करून, सुई कोठे थांबते ते वहीत लिहून ठेवण्याचा नेम केला आहे. डायल गेजही त्याने स्वतःचे घेतले. नव्या मोटरींच्या मानाने त्यास फारच थोडे पैसे पडले.